अल्गोरिदम कामापुरते शिकायचे तर सुरुवात कुठून करावी?

खारीगाव नाका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, पहिलाच धागा काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवावा.

नोकरी महापे एमआयडीसीत, गोदामं सांभाळणाऱ्या एका कंपनीत. पद कागदावर सिस्टिम्स एक्झिक्युटिव्ह. म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी आणि एक्सेल रुसलं तरी मीच. शिक्षण बीएस्सी गणित, पायथन घरी बसून शिकलो.

काम असं आहे. गेटवर गाडी आली की वॉचमन तिचा नंबर आणि वेळ टाकतो. आत बिलिंगवाले त्याच गाडीची स्वतंत्र नोंद करतात. ऑडिटसाठी सहा महिन्यांच्या दोन्ही याद्या जुळवून द्यायच्या असतात. गेटच्या ९०,००० ओळी, बिलिंगच्या ७०,०००. गाडीचा नंबर एकच आणि वेळेतला फरक अर्ध्या तासाच्या आत, तर नोंद जुळली. मी एक लूप, त्याच्या पोटात दुसरा लूप असं लिहिलंय. रात्री आठला लावून निघतो, पहाटे पाचच्या आसपास संपतं. साहेब म्हणतात नवा सर्व्हर घेऊ. मला वाटतं दुखणं सर्व्हरचं नाही.

तर प्रश्न. मर्ज सॉर्ट, बायनरी सर्च, ग्राफ वगैरेंचे व्हिडिओ बघताना सगळं कळतं. पण समोर स्वतःचं काम आलं की यातलं काय कुठे लावायचं ते सुचत नाही. मला इंटरव्ह्यू द्यायचे नाहीत, वय छत्तीस. कळवा, ठाणे, कोपरखैरणे असा रोजचा प्रवास आहे, त्यात जमेल तेवढा अभ्यास करीन. काय करावं?

उकडीचे मोदक

वाचतोय. (साहेबांना सर्व्हर घेऊ द्या हो, जुना तुमच्या टेबलावर येईल.)

पारसिक बोगदा

अल्गोरिदमचं नावही न घेता आधी गुणाकार करू. ९०,००० गुणिले ७०,००० म्हणजे ६३० कोटी फेऱ्या. आठ ते पाच म्हणजे नऊ तास, साधारण ३२,००० सेकंद. भागाकार केला तर एका फेरीला ५ मायक्रोसेकंद पडतात. आता पायथनमध्ये दोन स्ट्रिंगची साधी तुलना मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर होते. मग बाकीचा वेळ कशात जातोय? माझा अंदाज, तुम्ही आतल्या लूपमध्ये तारीख पार्स करताय. बरोबर का?

खारीगाव नाका

अगदी बरोबर! नंबरातल्या मोकळ्या जागा काढणं, कॅपिटल करणं, मग तारीख पार्स करणं, सगळं आतल्या लूपमध्येच आहे. कोड न बघता कसं ओळखलंत?

पारसिक बोगदा

ओळखलं नाही, भागाकार केला. याला अॅनालिसिस म्हणतात आणि तुम्हाला शिकायचं आहे ते मुख्यतः हेच. बिग ओ म्हणजे हाच गुणाकार, बारीकसारीक आकडे गाळून केलेला.

आता दोन वेगवेगळ्या सुधारणा बघा, त्या एकात एक मिसळू नका.

पहिली: साफसफाई आणि पार्सिंग लूपच्या बाहेर, प्रत्येक ओळीला एकदाच. १,६०,००० ओळी गुणिले ५ मायक्रोसेकंद, पूर्ण सेकंदही नाही. आत उरली नुसती तुलना, ६३० कोटी वेळा. तेवढ्यानेच काम नऊ तासांवरून दहा मिनिटांच्या आसपास येईल. पण अल्गोरिदम अजून तोच आहे. पुढच्या वर्षी दोन्ही याद्या दुप्पट झाल्या तर दहाची चाळीस मिनिटं.

दुसरी: बिलिंगच्या नोंदी गाडीच्या नंबरानुसार डिक्शनरीत टाका. किल्ली गाडीचा नंबर, किंमत त्या गाडीच्या वेळांची यादी. मग गेटच्या प्रत्येक ओळीला सत्तर हजारांशी झुंजायचं कारण नाही, तिच्याच नंबरच्या पाच-पन्नास नोंदी बघायच्या. हे काम दोन-चार सेकंदांत उरकेल आणि याद्या दुप्पट झाल्या तर वेळही साधारण दुप्पटच लागेल. चौपट नाही.

पहिल्या सुधारणेने आजचं काम भागतं, दुसरीने पुढच्या वर्षीचंही. व्हिडिओवाले फक्त दुसरीबद्दल बोलतात आणि ऑफिसातले सीनियर फक्त पहिलीबद्दल, म्हणून गोंधळ होतो.

नऊ नंबर फलाट

+१. मी घणसोलीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोडिंगच्या काँटेस्ट खेळतो. आमच्यात हा गुणाकार कोड लिहायच्या आधी होतो. हेलसिंकी विद्यापीठाचा सीएसईएस नावाचा गणितांचा संच आहे, फुकट. तिथे प्रत्येक गणितावर एनची, म्हणजे दिलेल्या नोंदींच्या संख्येची मर्यादा आणि वेळ लिहिलेली असते. समजा एन २ लाख आणि वेळ १ सेकंद. एन वर्ग केला तर ४,००० कोटी, म्हणजे तो रस्ताच बंद. एन लॉग एन केला तर २ लाख गुणिले १८ (२ लाख निम्मे निम्मे करत एकावर यायला साधारण १८ पायऱ्या), फक्त ३६ लाख. म्हणजे सॉर्टिंग, बायनरी सर्च, हीप यांच्यापैकी काहीतरी लागणार, हे गणित नीट वाचायच्या आधीच कळतं. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया धरतो, पायथनमध्ये १ कोटी.

बाय द वे काका, तुमचं काम म्हणजे डिट्टो तिथलं 'अपार्टमेंट्स' नावाचं गणित आहे! अर्जदाराला हवं तेवढं क्षेत्रफळ, फ्लॅटचं क्षेत्रफळ, फरक के पर्यंत चालेल, जास्तीत जास्त किती जणांना फ्लॅट मिळतील. क्षेत्रफळाच्या जागी वेळ टाका.

उकडीचे मोदक

घोडबंदर रोडवर ते के बरंच मोठं ठेवावं लागेल.

मासुंदा

मी अनेक वर्षं हा विषय शिकवला, आता निवृत्त आहे. पारसिक यांनी केलेला हिशेब उत्तम. मात्र एक गोष्ट निसटते आहे. खारीगाव, एकच गाडी अर्ध्या-पाऊण तासात दोनदा आली तर तुम्ही काय करता?

खारीगाव नाका

ताई, तसं होतं. छोटे टेम्पो तुर्भे ते महापे दिवसभर फेऱ्या मारतात. सध्या जी पहिली जुळेल ती घेतो. डिक्शनरीवाल्या नव्या कोडमध्ये सर्वांत जवळची वेळ असलेली नोंद घ्यायची असं ठरवलंय.

मासुंदा

हे कागदावर करून बघा. गाडी एकच. गेटवर १०:०० आणि १०:२५. बिलिंगमध्ये १०:२० आणि १०:५०.

सर्वांत जवळची जोडी आधी घेतली तर १०:२५ आणि १०:२० यांची जमते, फरक पाच मिनिटं. उरले १०:०० आणि १०:५०, फरक पन्नास मिनिटं, जुळत नाहीत. तुमच्या अहवालात एक जोडी आणि दोन बेवारस नोंदी. आता क्रमाने लावा. १०:०० ला १०:२०, १०:२५ ला १०:५०. दोन्ही फरक अर्ध्या तासाच्या आत. दोन जोड्या, बेवारस काहीच नाही.

'सर्वांत जवळचं घ्या' हे कानाला अगदी शहाणपणाचं वाटतं आणि इथे तेच फसतं. ग्रीडी पद्धतीचा, म्हणजे दर पावलाला त्या क्षणी चांगलं दिसेल ते उचलण्याचा, हा स्वभाव आहे. कुठला लोभ धरायचा यावर सगळं अवलंबून, आणि तो धरण्याआधी असं चार आकड्यांचं उलटं उदाहरण शोधण्याची सवय लावून घ्यायची. डिझाइन शिकणं म्हणजे माझ्या मते बहुतांशी हीच सवय.

तुमच्यासाठी पद्धत अशी. एका गाडीच्या दोन्ही याद्या वेळेनुसार लावा. दोन्हींच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवा. बोटाखालच्या दोन वेळा अर्ध्या तासाच्या आत असतील तर जोडी करून दोन्ही बोटं पुढे. नसतील तर ज्याची वेळ आधीची, ती नोंद बेवारस म्हणून लिहा आणि फक्त तेच बोट पुढे सरकवा. दोन्ही याद्या एकेकदाच चालून होतात.

नऊ नंबर फलाट

ताई, हे बरोबर चालतं हे मला माहीत आहे, कारण सबमिट होतं. पण का चालतं हे कधी नीट लिहून काढलेलं नाही. सांगाल?

मासुंदा

सांगते. दोन्ही याद्यांतली पहिली नोंद घ्या, ग आणि ब. दोघांत अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर असेल, आणि ग आधीची असेल, तर ब च्या पुढच्या सगळ्या नोंदी ग पासून आणखीच लांब. म्हणजे ग ला कुणीच मिळणार नाही, ती सोडण्यात नुकसान नाही. उलट बाजूनेही तेच.

आता दोघं अर्ध्या तासाच्या आत आहेत असं धरा. कुणीतरी सर्वोत्तम जुळणी आणून दिली आणि तिच्यात ग ची जोडी दुसऱ्याच ब' शी आहे, ब ची दुसऱ्याच ग' शी. आपण अदलाबदल करू: ग ला ब, ग' ला ब'. पहिली जोडी चालते हे गृहीतच आहे. दुसरी? ग' जर ब' च्या आधी असेल तर त्यांच्यातलं अंतर ग आणि ब' यांच्यातल्या अंतराहून जास्त असू शकत नाही, कारण ग तर ग' च्याही आधीची आहे. आणि ते अंतर अर्ध्या तासाच्या आत होतंच. ग' नंतरची असेल तर हाच युक्तिवाद ब धरून करा. म्हणजे जोड्यांची संख्या तेवढीच राहिली आणि आपली पहिली जोडी तिच्यात बसली. दोघांपैकी एकच कुणाशी जोडलेला असेल तर काम आणखी सोपं, ती एक जोडी मोडून आपली ठेवा. बाकीच्या याद्यांवर पुन्हा हेच.

याला एक्स्चेंज आर्ग्युमेंट म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांना येतं म्हणून मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कामात मात्र रोज लागतं.

एक मात्र आहे. जास्तीत जास्त जोड्या हव्यात, की वेळेतला एकूण फरक कमीत कमी हवा, हा प्रश्न तुमच्या हिशेबनिसाचा आहे. तो त्यांना विचारून घ्या. दोन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात.

पारसिक बोगदा

सुंदर, ताई.

यात हाताशी धरून करायची आणखी एक गोष्ट. सिद्धता पटली तरी कोड चुकू शकतो. बायनरी सर्चचंच बघा, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधणं. पहिला १९४६ साली छापून आला, पण यादीची लांबी काहीही असली तरी बरोबर चालणारा छापायला १९६० उजाडलं. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलं की जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्चही सुमारे नऊ वर्षं चुकीचा होता. मधला बिंदू काढताना दोन टोकांची बेरीज केली की ती २१४,७४,८३,६४७ च्या वर जाऊन ऋण होत होती. शंभर कोटींच्या वर घटकांची यादी असेल तरच दिसणारी चूक. पायथनमध्ये पूर्णांक हवे तेवढे वाढतात, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही. शिवाय पायथनमध्ये बायनरी सर्चसाठी बायसेक्ट मॉड्यूल तयार आहे, हाताने लिहूच नका.

तर उपाय. तोच प्रश्न सोडवणारा एक अगदी मठ्ठ कोड लिहा, जो सगळ्या शक्य जोड्या करून बघतो. तो सहा-सात नोंदींच्या पुढे दमेल, दमू दे. मग रँडम छोट्या याद्या बनवा, मठ्ठ आणि हुशार दोघांना द्या, उत्तरं वेगळी आली की थांबा आणि ती यादी छापा. 'सर्वांत जवळचं घ्या' असं लिहून हे चालवलं असतं तर ताईंनी दिलेल्या धर्तीचं उदाहरण मशीननेच काही क्षणांत काढून दिलं असतं. काँटेस्टवाले याला स्ट्रेस टेस्टिंग म्हणतात. वेळा मात्र जवळजवळच्या घ्या, म्हणजे टकरी होतात. दिवसभरात पसरलेल्या घेतल्या तर महिनाभर चालवूनही काही सापडणार नाही.

गुपचूप वाचक

सगळं छान आहे, पण २०-३० लाखांच्या खाली डेटा असेल तर कोण बघतं? मशीन स्वस्त आहेत. आणि आता एआयला सांगितलं की कोड लिहूनच मिळतो. डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) हा फक्त मुलाखतीच्या दाराशी उभा केलेला पहारेकरी आहे, आत गेल्यावर कुणी विचारत नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात बारा वर्षं काढली, एकदाही रेड-ब्लॅक ट्री (नोंदी क्रमाने ठेवणारी पुस्तकातली एक किचकट रचना) लिहावं लागलेलं नाही.

पारसिक बोगदा

रेड-ब्लॅक ट्री मीही नोकरीत कधी लिहिलेलं नाही. इथे कुणी लिहायला सांगतही नाहीये.

बाकी २०-३० लाखांचं म्हणाल तर त्रेसष्ट हजारांची एक गोष्ट सांगतो. जीटीए ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला वर्षानुवर्षं कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका बाहेरच्या माणसाने सोर्स कोड हातात नसताना कारण शोधून काढलं. १० एमबीची एक जेसन फाइल (डेटा साठवायचा एक मजकुरी साचा), तिच्यात सुमारे ६३,००० वस्तू. वाचणारं फंक्शन प्रत्येक तुकड्याला पुढच्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजत होतं. वर, प्रत्येक वस्तू यादीत आधीच आहे का हे यादी पहिल्यापासून चालून तपासलं जायचं. ६३,००० चा वर्ग भागिले दोन, जवळजवळ १९८ कोटी तपासण्या. त्याने दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने बदल स्वीकारला आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं.

त्यात लागलेलं ज्ञान किती? यादीत शोधणं महाग, हॅश टेबलमध्ये, म्हणजे वरच्या डिक्शनरीसारख्या रचनेत, शोधणं स्वस्त. पायथनमध्ये हीच चूक लिस्टमध्ये 'इन' लिहून होते, सेट केला की सुटते. लिस्टच्या डोक्यावरून एकेक घटक काढत राहिलं तरी तेच, तिथे डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी झटकन काढता-घालता येणारी यादी हवी.

मासुंदा

गुपचूप, एआयबद्दल. लिहून देतो, वादच नाही. पण एकच टेम्पो पाऊण तासात दोनदा येतो हे त्याला कोण सांगणार? आणि त्याने 'सर्वांत जवळचं घ्या' असं लिहून दिलं, जे फार नीटनेटकं दिसेल, तर ते चूक आहे हे कोण ओळखणार?

गुपचूप वाचक

ते मान्य. पण मग अभ्यासक्रमात निम्मं तरी कमी करा असं माझं म्हणणं आहे.

मासुंदा

त्याला माझा पाठिंबाच आहे. मास्टर थिअरम (तुकडे पाडून काम करणाऱ्या अल्गोरिदमचा वेळ काढायचं सूत्र) मी दोन तासांत उरकत असे, विद्यापीठाचा आग्रह सहा तासांचा.

वाशीची खाडी

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. भावाचा डब्यांचा व्यवसाय आहे कोपरखैरण्यात. रोज १४ सोसायट्या, एकच स्कूटर. कुठल्या क्रमाने गेलं की कमीत कमी अंतर पडेल, हे काढता येईल का? मॅपवर दोन ठिकाणांमधलं अंतर मिळतं, चौदाचा क्रम मिळत नाही.

नऊ नंबर फलाट

ताई, हे तर फेमस आहे, ट्रॅव्हलिंग सेल्समन. १४ ठिकाणांचे सगळे क्रम म्हणजे ८,७१७ कोटींच्या वर. ते नको. पण हेल्ड आणि कार्प यांची १९६२ ची डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची पद्धत आहे. कल्पना अशी की आतापर्यंत कुठल्या सोसायट्या झाल्या आणि सध्या कुठे उभे आहोत, एवढंच लक्षात ठेवायचं. झालेल्या सोसायट्या कुठल्या क्रमाने झाल्या हे विसरून जायचं, पुढच्या रस्त्याला त्याचा काही फरक पडत नाही. मग काम एन वर्ग गुणिले दोनचा एन घात, १४ ला फक्त ३२ लाख. पायथनमध्येही काही सेकंदांत.

पारसिक बोगदा

'क्रम विसरायचा' हे या मुलाने छान पकडलं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकताना लोक टेबलं भरत बसतात. खरा प्रश्न इतकाच असतो: पुढचा निर्णय घ्यायला मागचं किमान किती आठवायला हवं?

खाडीताई, दोन सूचना. नवी मुंबईत सेक्टरच्या आत एकेरी रस्ते आणि दुभाजक भरपूर, त्यामुळे अ ते ब आणि ब ते अ अंतर वेगळं येईल. दोन्ही घ्या, पद्धत तीच चालते. आणि भावाचा धंदा वाढून ४० सोसायट्या झाल्या तर ही पद्धत कोलमडेल, दोनचा चाळिसावा घात म्हणजे लाख कोटींच्या वर. तेव्हा कुठलाही एक रस्ता घ्यायचा आणि त्यातला एखादा तुकडा उलटा केल्याने अंतर घटतं का ते बघत राहायचं, याला टू-ऑप्ट म्हणतात. सर्वोत्तमची हमी नाही, पण स्कूटरला पुरेसं. हा प्रश्न ज्या कुळातला आहे त्या कुळाची यादी कार्प यांनी १९७२ मध्ये केली, २१ प्रश्नांची. त्यातल्या एकावरही सगळीकडे चालणारा झटपट उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. समोरचा प्रश्न या कुळातला आहे हे ओळखता येणं ही मोठी बचत आहे, नाहीतर माणूस आठवडे घालवतो.

वाशीची खाडी

भारी! भाऊ म्हणतो पहिला डबा सकाळी साडेअकराला सेक्टर १५ मध्ये गेलाच पाहिजे, तिथल्या आजी थांबत नाहीत.

नऊ नंबर फलाट

मग सुरुवात आजींपासून पक्की करा. एक ठिकाण कमी झालं, काम निम्म्याहून खाली.

खारीगाव नाका

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. नवा कोड लिहिला. सगळा मिळून चार सेकंदांच्या आत संपतो. मठ्ठ कोडशी ताडूनही बघितला. साहेबांना वाटलं मी ओळी गाळल्या, म्हणून जुन्याचा आणि नव्याचा निकाल शेजारी शेजारी ठेवून दाखवला. जुन्यात बेवारस नोंदी जास्त होत्या, ताईंनी सांगितलेल्या टेम्पोंच्याच.

आता पुढे काय करू? लोकलमध्ये मोबाइलवर होईल असं सांगा.

मासुंदा

प्रथम एक गंमत. वॉचमनची यादी मुळात वेळेच्या क्रमानेच असते ना? पायथनचं सॉर्टिंग, टिमसॉर्ट, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलं, आणि ते आधीपासून क्रमाने असलेले तुकडे ओळखून त्यांचा फायदा घेतं. तुमच्या यादीवर ते जवळजवळ एका फेरीत उरकतं. पुस्तकात एन लॉग एन लिहिलेलं असतं, तुमच्या डेटाला त्याहून कमी लागतं.

वाचनासाठी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, फुकट. पण बघताना थांबवायचं. प्रश्न मांडून झाला की व्हिडिओ बंद, ठाण्यापासून रबाळ्यापर्यंत स्वतः विचार, मग पुढचं बघा. न थांबवता बघितलेलं व्याख्यान ऐकायला गोड असतं, हाताला काही लागत नाही.

नऊ नंबर फलाट

सीएसईएसचा सॉर्टिंग-सर्चिंगचा भाग घ्या. गणित गाडीत वाचायचं, एन बघायचा, किती चालेल ते ठरवायचं, कोड घरी. एका गणितावर तास-दीड तास अडलात तर उपाय वाचा, पण दोन दिवसांनी न बघता पुन्हा लिहा. रोज दहा सोडवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पारसिक बोगदा

आणि एक प्रकल्प सुचवतो, तुमच्याच प्रवासातला. मुलुंडहून खारघरला जायचं तर ठाण्याला बदलून ट्रान्स-हार्बर, की कुर्ल्याला बदलून हार्बर? स्टेशन म्हणजे बिंदू, गाडी म्हणजे रेघ, मिनिटं म्हणजे वजन. मग डायक्स्ट्रा, म्हणजे सर्वांत कमी वजनाचा रस्ता काढणारा अल्गोरिदम. एड्सगर डायक्स्ट्रा यांना हा अल्गोरिदम १९५६ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सुचला. छापला १९५९ मध्ये.

ठाणं हा एकच बिंदू धरलात तर उत्तर चुकेल. मेन लाइनवरून उतरून पुलावरून नऊ-दहा नंबरला पोचायला गर्दीत पाच-सात मिनिटं जातात, ती कुठेच मोजली जात नाहीत. म्हणून ठाण्याचे दोन बिंदू करा, ठाणे-मेन आणि ठाणे-ट्रान्स-हार्बर, आणि मध्ये चालण्याची रेघ. कुर्ल्याचंही तसंच. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो, वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे. तो फाटा नीट काढा. अल्गोरिदम वीस ओळींचा आहे, सगळी मेहनत या मांडणीत.

गुपचूप वाचक

पण रेघेचं वजन ठरावीक नाही ना? वेळापत्रकावर आहे. आणि आधी सुटलेल्या धीम्या गाडीला मागून सुटलेली जलद गाडी मागे टाकते. मग उशिरा निघालेला आधी पोचतो. डायक्स्ट्रा तिथे फसणार नाही का?

पारसिक बोगदा

बारा वर्षं वाया गेलेली नाहीत तुमची, नेमका प्रश्न विचारलात. रेघ एका गाडीची धरली तर फसेल. म्हणून रेघेचं वजन असं ठरवा: या क्षणी फलाटावर उभा आहे, यापुढे सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांपैकी पुढच्या स्टेशनात सर्वांत आधी कोण पोचवते? फलाटावर थांबायची मुभा आहे, त्यामुळे आधी येऊन उभा राहिलेल्या माणसाचं कधीच नुकसान होत नाही, धीमी सोडून तोही जलद पकडू शकतो. एवढी अट पाळली की डायक्स्ट्रा चालतो. आणि जलद गाडीची रेघ ती जिथे थांबते त्याच स्टेशनांमध्ये काढा.

उकडीचे मोदक

नऊ नंबरला पनवेल गाडी कुठल्या डब्यापाशी रिकामी मिळते, हे मात्र डायक्स्ट्राच्या बापाला सांगता यायचं नाही.

खारीगाव नाका

हा प्रकल्प घेतलाच. एक शेवटचं विचारतो. ज्यांचं बिलिंग होतच नाही अशा गाड्या वगळल्या तर बेवारस नोंदींत आता गेटच्या साधारण ९०० आणि बिलिंगच्या ७०० उरल्यात. बऱ्याच वॉचमनच्या टायपिंगच्या चुका आहेत. एमएच ०४ चं एमएच ४०, शून्याच्या जागी ओ, ४३ च्या जागी ४६. डिक्शनरीला हे कळत नाही.

नऊ नंबर फलाट

एडिट डिस्टन्स! एका नंबरचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, काढावी लागतात. दहा बाय दहाचा तक्ता भरायचा, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच. आणि इथे प्रत्येकाशी प्रत्येक ताडायला हरकत नाही, ९०० गुणिले ७०० म्हणजे ६.३ लाख जोड्या, प्रत्येकी शंभर चौकोन, ६.३ कोटी. पायथनमध्ये अर्धा-एक मिनिट. हेच मूळ यादीवर केलं असतं तर ६३,००० कोटी.

पारसिक बोगदा

आणि क्रम बदला म्हणजे तेही लागणार नाही. आधी वेळ बघा. अर्ध्या तासाच्या आत नसलेली जोडी तक्त्यापर्यंत जाऊच देऊ नका, बहुतेक सगळ्या तिथेच गळतील. शून्य आणि ओ ची अदलाबदल साफसफाईतच करून टाका. आकड्यांची उलटापालट, म्हणजे ०४ चं ४०, साध्या एडिट डिस्टन्समध्ये दोन चुका मोजली जाते, तेव्हा मर्यादा दोन ठेवा. पण दोन ठेवली की एमएच ०४ आणि एमएच ४३ च्या खरोखर वेगळ्या गाड्याही मधली अक्षरं आणि शेवटचे चार आकडे सारखे असले तर जुळलेल्या दिसतील. तेवढी यादी वेगळी काढून बिलिंगवाल्यांच्या डोळ्यांखालून घाला, आपोआप जुळवू नका.